सावकाश पाहिलेला ठोसा

थोरल्याने हातोड्याचा उजवा हात मोडला, तेव्हा मधली गाडीत बसलेली होती. "इंजिन बंद करू नकोस," एवढंच थोरल्याने सांगितलं होतं, आणि तिने ते बंद केलं नव्हतं.

बाजारामागच्या पार्किंगमध्ये भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. हातोडा सामानाची पिशवी घेऊन आपल्या गाडीकडे आला. हे नाव त्याला बॉक्सिंगवाल्यांनी दिलेलं. एरवी तो साधा, जरा पोक काढून चालणारा माणूस होता. तो खिशात किल्ली चाचपत असताना थोरला दोन गाड्यांच्या फटीतून निघाला. हातात नळाच्या पाइपचा तुकडा. पहिला घाव त्याने गुडघ्यामागे घातला. हातोडा मटकन खाली बसला आणि पिशवीतले बटाटे गाड्यांखाली गडगडत गेले.

"कोणता रे हात? हाच ना?"

थोरल्याने त्याच्या मनगटावर बूट ठेवला आणि कोपराखाली पाइप हाणला. मग पुन्हा हाणला. या वेळी झालेला आवाज मधलीला बंद काचेतूनही ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा.

हातोडा ओरडला नाही. दात आवळून तो म्हणत होता, "ऐक... अरे, एकदा ऐकून तरी घे..."

"माझा भाऊ बोलतो का आता? नाही ना? मग तूही बोलू नकोस," थोरला म्हणाला आणि त्याने आणखी एक घाव घातला.

गाडीत येऊन बसल्यावर तो हसत होता. पुढच्या चौकापर्यंत हसला, मग दार उघडून रस्त्यावर ओकला. मधलीने त्याला पाण्याची बाटली दिली. तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनी तिला जरा बरं वाटलं होतं.

त्या घरात तिन्ही भावंडांना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरला, मधली, धाकटा. वडील घरात बाबा आणि बाहेर सगळ्यांचे कोच. टायरच्या गोदामावर त्यांचा बॉक्सिंगचा हॉल होता; जिना चढायला लागलं की आधी रबराचा वास यायचा, मग घामाचा. पोरं नीट चालायला लागली तशी त्यांनी त्यांच्या हातात मोजे चढवले होते. थोरल्याच्या अंगात बैलाचं बळ, पण पाय जमिनीत पुरल्यासारखे. मधली चांगली मारायची, पण एकदा तिचं नाक फुटलं आणि आईने तिचा हात धरून तिला रिंगमधून खाली उतरवलं. "या घरात एक तरी तोंड सरळ राहू दे," आई म्हणाली होती. मधली मग दातांच्या प्रयोगशाळेत लागली. कवळ्या, टोप्या, खोटे दात करायची, आणि हॉलमधल्या पोरांच्या दातांचे साचे घेऊन त्यांना तोंडात धरायचे गार्ड करून द्यायची.

धाकटा मात्र बाबांना स्वतःला जे व्हायचं होतं ते होता. हलका, चपळ, हसत हसत मारणारा. दर सामन्यानंतर घरी येऊन आईला सांगायचा, "बघ, नाक जागेवर आहे."

हातोड्याशी त्याचा सामना सगळ्यांनी पाहिला होता. शेवटच्या फेरीत धाकटा कोलमडत होता, आणि तो पडत असतानाच हातोड्याने त्याच्यावर पुन्हा हात टाकला. धाकट्याचं डोकं फळ्यांवर आपटलं. मेंदूत रक्तस्राव झाला. कवटी उघडावी लागली. दवाखान्याच्या बोळात भिंतीला टेकून बाबा येईल त्याला एकच वाक्य सांगत होते, "पडत्या पोराला मारलं हो. पडत्या पोराला." पंचांचं म्हणणं, आपल्याला तसं दिसलं नाही. पण बापाने सांगितलेलं सगळ्यांनी धरलं. धाकटा घरी आला तो उजवं अंग आणि बोलणं गमावून. डोळे तेवढे ओळखीचे राहिले.

पार्किंगमधल्या मारहाणीची तक्रार हातोड्याने केलीच नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. कामावर असताना शिडीवरून पडलो, असं त्याने डॉक्टरांना आणि पोलिसांना सांगितलं. हातात धातूची पट्टी घालून हाड जोडलं. यावर थोरल्याची आणखीच चिडचिड झाली. "भित्रा आहे लेकाचा," तो म्हणाला. मग हाड जुळल्याचं कळल्यावर त्याने बॉक्सिंग संघटनेकडे जाऊन उघड आव्हान दिलं: हातोड्याशी रिंगमध्ये लढायचंय. हातोड्याने लगेच हो म्हटलं. बाबांनी थोरल्याला तयार करायला घेतलं, आणि घरात जेवतानाही दुसरा विषय उरला नाही.

याच सुमारास हॉलमध्ये नवा कॉम्प्युटर आला. शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांनी मिळून कोचना दिलेली भेट. त्याच्यासोबत खेळांचे व्हिडिओ बघायचा एक प्रोग्राम फुकट आलेला. पडद्यावर सुंदर बटणांची रांग होती, पण त्यातली अर्धी करडी आणि प्रत्येकावर एक इटुकलं कुलूप. चित्र संथ करायचं बटण, जवळ ओढायचं, एकेक चित्र पुढे सरकवायचं, दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावायचं. त्यावर दाबलं की पाटी यायची: 'ही सुविधा आपल्या आवृत्तीत उपलब्ध नाही.'

"तू ते कुलूप काढून दे," थोरल्याने मधलीला सांगितलं. "त्या सामन्याच्या संघटनेनं दिलेल्या फायली आहेत ना? हातोड्याचा डावा हात कधी खाली येतो ते मला बघायचंय. पडताना माझ्या भावाला मारलं तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, तेही बघायचंय."

त्या फायली घरात कुणी धड पाहिल्याच नव्हत्या. फोनवर त्या उघडत नसत आणि हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळत चालत. शिवाय बघायची छाती कुणाची होती?

मधली आधी कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "फुकटच्या मालाला कुलूप असायचंच, ताई. आमच्या ओळखीचा एक जण आहे, तो फोडून देईल. पण त्या वाटेनं आत आणखी काय काय शिरेल ते मला विचारू नका." ती उठून आली. मग तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई बोलली.

"तुमच्या मॉडेलवर पूर्ण आवृत्ती फुकटच आहे, मॅडम. फक्त ती चालू करून घ्यावी लागते. ज्यांच्या नावावर कॉम्प्युटर नोंदवलाय, त्यांच्या फोनवर कोड जाईल. तो घातला की झालं."

कॉम्प्युटर बाबांच्या नावावर होता. मधलीला वाटलं, चला, सुटलं. तिने बाबांना सांगितलं तेव्हा ते दोरीवर ओले हातमोजे वाळत घालत होते.

"कुलूप असेल तर असू दे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"अहो बाबा, फुकट आहे. आणि दादाला उपयोग होईल."

"मी आजवर याच डोळ्यांनी शिकवलं. मला यंत्र दाखवणार का, कोण कुठं चुकतो ते?"

"तुम्हाला नको तर तुम्ही बघू नका. दादाला हवंय."

"एकदा नाही म्हटलं ना!" त्यांनी हातातला मोजा भिंतीवर फेकून मारला. "पोराचं डोकं फुटताना पुन्हा बघायचंय तुम्हाला? सावकाश बघायचंय? लाजा कशा वाटत नाहीत!"

म्हातारा मनाने हळवा झालाय, असं मधलीने थोरल्याला सांगितलं. थोरल्याने खांदे उडवले. "हळवा होऊन कसं चालेल? तू कर."

रविवारी दुपारी हॉल रिकामा होता. बाबा रिंगमध्ये थोरल्यासमोर पॅड धरून उभे होते आणि त्यांचा कोट कचेरीतल्या खिळ्यावर होता. कचेरी म्हणजे काचेचं एक खोकं. मधलीने प्रोग्राम उघडला, 'कोड पाठवा' वर दाबलं, आणि कोटाच्या खिशात फोन टुणकन वाजला. तिने तो काढला, आकडे वाचले, एकेक करून टाइप केले. मान वर केली तर काचेपलीकडून बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांचे हात खाली आले होते. थोरल्याचा सुटलेला ठोसा पॅडऐवजी त्यांच्या खांद्यावर बसला आणि ते दोराला जाऊन थडकले.

"बाबा! लक्ष कुठंय तुमचं?"

बाबांनी पॅड काढून खाली टाकले. दोराखालून बाहेर आले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. दाराकडे तोंड करून. हॉलकडे पाठ करून.

पडद्यावरची कुलपं गेली. करडी बटणं निळी झाली.

थोरला पट्ट्या गुंडाळलेल्या हातांनी घाम पुसत आत आला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "लाव शेवटची फेरी," तो म्हणाला. "समोरचा कॅमेरा."

मूळ वेगात तो क्षण म्हणजे निव्वळ धडपड होती: दोन अंगं, एक झटका, मग फळ्यांवर पडलेला धाकटा. मधलीने संथ गतीचं बटण दाबलं. आता हातोडा पाण्याखाली असल्यासारखा हलू लागला. त्याने दोन्ही हात खाली घेतले. एक पाऊल मागे सरला. मान वळवून पंचांकडे बघत तो काहीतरी बोलला.

"हे काय करतोय?" थोरला म्हणाला. "हात का खाली घेतले त्यानं?"

"थांबवा, असं म्हणतोय," मधली म्हणाली. तिचं सगळं आयुष्य लोकांची तोंडं न्याहाळण्यात जात होतं. ओठ वाचायला तिला वेगळं शिकावं लागलं नव्हतं.

धाकटा आपल्या कोपऱ्यात दोरांना टेकला होता. मग तो एकदम पुढे आला, तोल गेल्यासारखा, हात वर. हातोड्याने दचकून उजवा ठोसा मारला. हनुवटीवर. धाकट्याचं डोकं मागे गेलं, तोंडातला गार्ड उडाला, गुडघे दुमडले. आणि तो पडत असताना हातोड्याचा तोच उजवा हात पुन्हा पुढे आला.

"हा! हा बघ! हाच तो!" थोरला ओरडला.

मधली एकेक चित्र पुढे सरकवू लागली. हातोड्याचा हात धाकट्याच्या तोंडाकडे गेलाच नाही. तो काखेत शिरला. दुसरा हात पाठीमागे गेला. हातमोज्यांनी माणूस धरता येत नाही, कारण बोटं बंद असतात. धाकटा त्या दोन मोज्यांच्या मधून निसटला आणि खाली गेला. हातोडा त्याच्यासोबत वाकला, जवळजवळ त्याच्या अंगावर पडला.

"धरतोय तो त्याला," मधली म्हणाली.

थोरल्याने माऊस तिच्या हातातून घेतला. चित्र मागे नेलं, पुढे आणलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक वेळी तो हात काखेतच जात होता. थोरल्याच्या कपाळावरची शीर तटतटून वर आली होती.

"पुढे का आला पण धाकटा?" तो शेवटी म्हणाला. "दोराला टेकला होता. एकदम पुढे का आला?"

दुसरा कॅमेरा त्यांच्याच कोपऱ्याच्या खांबावर होता. मधलीने ती फाइल उघडली. दोरांच्या पलीकडून एक हात आत येत होता. पाच बोटं उघडी, बोटात आईने दिलेली अंगठी. त्या हाताने धाकट्याला दोन खांद्यांच्या मधोमध ढकललं. पुरतं ढकललं. तो पुढे गेला तो स्वतःच्या पायांनी नव्हे.

बाहेर जिन्यावर बाबा खोकले.

मधलीने विश्रांतीपर्यंत मागे नेलं. धाकटा स्टुलावर बसला होता. त्याने डावा मोजा डोळ्यापुढे धरला, हलवला, मान हलवली. तिने चित्र जवळ ओढलं. त्याचे ओठ म्हणत होते: दिसत नाही, बाबा. दिसत नाही. बाबांनी त्याच्या तोंडात मारली. एक डावी, एक उजवी. मग रिंगचे डॉक्टर दोरापाशी आले, तेव्हा बाबांनी धाकट्याच्या तोंडावर टॉवेल टाकला, मध्ये उभे राहिले आणि डॉक्टरांना हसून काहीतरी सांगितलं. टॉवेलखाली धाकट्याची मान नाही नाही अशी हलत होती.

थोरला उठला. हॉलच्या एका भिंतीला आरसे होते, पोरांना आपली आपण चूक दिसावी म्हणून. त्याने पहिल्या आरशात मूठ घातली. काच खळकन खाली आली. दुसऱ्यात घातली. पट्ट्या लाल झाल्या. मग तो जिन्याकडे गेला, बाबांची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत आत आणलं.

"मोजे घाला."

"तुझ्याशी?"

"घाला म्हणतो ना!"

बाबांनी मोजे घातले. पण मोजे घातल्यावर स्वतःची नाडी स्वतःला बांधता येत नाही. त्यांनी दोन्ही हात मधलीपुढे धरले.

"जरा घट्ट बांध," ते हळूच म्हणाले.

ती हे थांबवू शकली असती. तिने नाडी घट्ट बांधली.

बाबांमागोमाग थोरला हातांवरच्या रक्ताळलेल्या पट्ट्यांनिशी रिंगमध्ये शिरला. त्याने मोजे घातलेच नाहीत. पहिला ठोसा बाबांनी सवयीने चुकवला, आणि सवयीनेच त्यांचा डावा हात सुटला. थोरल्याचा ओठ फाटला. त्या एका क्षणी म्हातारा अजूनही त्या हॉलमधला सगळ्यात चांगला बॉक्सर होता. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दोन्ही हात खाली सोडले.

"हात वर करा!" थोरला किंचाळला.

"मार."

थोरल्याने पोटात मारलं. बाबा वाकले, तसा गालावर मारला. बरगड्यांवर मारलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. बाबा गुडघ्यावर आले आणि उठले. पुन्हा खाली गेले, दोर धरून पुन्हा उठले.

"दिसत नाही म्हणत होता तो तुम्हाला! दिसत नाही म्हणत होता!"

"तू पण म्हणायचास," बाबा रक्त थुंकत म्हणाले. "लहानपणी दर वेळी म्हणायचास. बाबा, डोळ्यांपुढे अंधारी येते, बाबा, पोटात दुखतं. खोटं असायचं ते. मी तुला थांबवलं, आणि तू काय झालास? ओझी उचलणारा. मला वाटलं, याला नाही थांबवायचं. याला थांबवलं तर हाही तुझ्यासारखा..."

थोरल्याने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. तो आता बॉक्सिंग करत नव्हता. डाव्या हाताने त्याने बाबांची मान दोरावर दाबली आणि उजव्याने तो मारत राहिला. एकाच जागी, लाकूड फोडावं तसा. बाबांचे पाय ढिले पडले. मधली दोराखालून आत घुसली आणि तिने त्याच्या दंडाला मिठी मारली.

"दादा, सोड! मरतील ते! दादा!"

त्याने तिला झटकलं. कोपर तिच्या तोंडावर बसलं. आईने जपलेलं ते नाक पुन्हा फुटलं, आणि ती पाठीवर पडली. तिच्या पडण्याचा आवाज ऐकून थोरला वळला. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळताना बघून तो जागच्या जागी खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. "हातोड्याचा हात," तो म्हणत होता. "मी त्याचा तोच हात मोडला गं. त्याच हाताने धरत होता तो."

बाबा कुशीवर वळले.

"मला वाटलं, उठेल," ते फळ्यांकडे बघत म्हणाले. "दर वेळी उठायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबहीण हातोड्याला शोधत गेले. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत तो तारेच्या दोराला वंगण लावत होता, डाव्या हाताने. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा वण. थोरल्याला बघून त्याने डबा खाली ठेवला आणि पाठ भिंतीला लावली.

थोरल्याने सगळं सांगितलं. अडखळत, मान खाली घालून.

"मला माहीतच आहे," हातोडा म्हणाला. "मी तिथंच होतो ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पार्किंगमध्ये मी काय करत होतो?"

मधलीने विचारलं, "आणि सामन्याला हो का म्हणालात?"

हातोड्याने वणावर अंगठा फिरवला. "या हाताने आता ठोसा मारायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मारायचा विचारही नव्हता. तो पडला तो माझ्याच ठोशाने, ताई. दचकून का होईना, मारला मीच. म्हटलं, उभं राहावं. एकदा हा मला पोटभर मारेल, आणि मग मलाही झोप लागेल."

"मी पोलिसांत जातो," थोरला म्हणाला. "हाताचं सांगतो."

"जा," हातोडा म्हणाला. तो भिंतीपासून पुढे आला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्याचा डावा हात थोरल्याच्या तोंडावर बसला. असा की थोरला मोटरच्या जाळीवर जाऊन आदळला आणि त्याचा पुढचा दात फरशीवर पडला. हातोडा धापा टाकत उभा होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. "आता जा," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं, हेही सांग त्यांना. विचारलं तर मी येईन."

थोरल्याने दात उचलून खिशात टाकला आणि तो गेला. त्याला कैद झाली. गाडी चालू ठेवून कोण बसलं होतं, हे मधलीने आपणहून सांगितलं. तिलाही न्यायालयात उभं राहावं लागलं, पण तुरुंग टळला. फायली तिने संघटनेला दाखवल्या. संघटनेने बाबांना कायमचं काढून टाकलं. हॉल बंद झाला. गोदामवाल्याने तिथेही टायर भरले.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बाबा घरी आले तेव्हा त्यांचा एक डोळा बंद होता आणि श्वास घेताना बरगड्या कुरकुरत होत्या. आई खुर्चीतल्या धाकट्याला पेज भरवत होती. कुणी मारलं, असं तिने विचारलं नाही. नाकाला फडकं लावून उभ्या असलेल्या मधलीकडे बघत ती म्हणाली, "काय दिसलं?"

मधलीने सांगितलं. ढकलणारा हात सांगितला, टॉवेल सांगितला, टॉवेलखाली हलणारी मान सांगितली. आई ऐकत होती आणि धाकट्याच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पदराने पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती. ती उठली, वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "बस इथं. आजपासून याला तू भरवायचंस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी भरवणार नाही. तू भरवलं नाहीस तर तो उपाशी राहील, आणि ते मी तुला बघायला लावीन."

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी चमचा भरून वर नेला. हात तोंडाजवळ आला तसा धाकट्याने डोळे गच्च मिटले, मान खांद्यात ओढून घेतली आणि चांगला असलेला डावा हात गालावर धरला. पेज त्याच्या मांडीवर सांडली.

आई बघत उभी राहिली. मधलीही.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही बाबांचा हात वर आला की डोळे मिटायचा. मग बाबांनी चमचा वर न्यायचंच बंद केलं. वाटी मांडीवर धरून, चमचा खालीच ठेवून ते बसून राहायचे, पेज निवून जाईपर्यंत. एका सकाळी धाकट्याने डावा हात लांब केला, बाबांच्या मुठीतला चमचा ओढून घेतला आणि वाटीत खुपसला. अर्धी पेज सांडली, अर्धी तोंडात गेली. बाबांनी वाटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.